भंडारा लावलेली क्यू

त्यानं माझी क्यू, स्नूकर खेळायची काठी, दोन बोटांनी उचलली. मेलेला उंदीर शेपटीला धरून बाहेर टाकतात तशी. नाकापाशी नेली, वास घेतला आणि हात लांब केला.

"मेंढरांचा वास येतोय ह्याला," तो म्हणाला.

टेबलाभोवतीचे सगळे हसले. मग त्याला दांड्यावरचा पिवळा रंग दिसला.

"आणि हे काय? हळद? काठीचं लगीन लावलंय का?"

पुन्हा हसले. त्यानं खिशातून पांढरा रुमाल काढला, बोटं पुसली आणि क्लबच्या मालकांकडे न बघताच म्हणाला, "सुभेदार, चपलांजवळ ठेवा ही. तिथं शोभंल."

सुभेदारांनी ठेवली. आत गालिचा होता, म्हणून दाराशी चपलांचं लोखंडी स्टँड होतं. त्यात कुणाकुणाच्या सँडल आणि बुटांच्या मधे त्यांनी माझी क्यू उभी केली. घसरू नये म्हणून एका बुटाचा टेकू दिला. तेवढी काळजी मात्र घेतली.

आणि मी हसले. सगळे हसत होते म्हणून मीही हसले. दात दाखवून. त्या हसण्याची मला आजही किळस येते.

हा क्लब सांगलीत, विश्रामबागेत, मी काम करते त्या चष्म्याच्या दुकानाच्या वर. मालक पलटणीतून सुभेदार होऊन आलेले. स्नूकर तिकडंच मेसमध्ये शिकले. एकदा चष्म्याचा नंबर तपासायला खाली आले होते. मी त्यांना अक्षरं वाचायला लावली, फ्रेम नाकावर सरळ बसवून दिली. ते म्हणाले, "बेटा, तेरी नजर अच्छी हाय. दुपारी टेबल मोकळं असतंय, येत जा वर." ते असंच बोलायचे, अर्धं पलटणीतलं, अर्धं गावातलं.

मी जायला लागले. जेवणाच्या सुट्टीत डबा पटकन संपवायचा आणि जिना चढायचा. हिरवं कापड, वर लोंबणारे दिवे, बॉलवर बॉल आपटल्याचा तो कोरडा आवाज. मला लय आवडलं. आमच्या वाडीवर पोरींनी खेळायचं म्हणजे पाण्याच्या टाकीपाशी सागरगोटे, तेही आईची हाक येईपर्यंत. इथं मी वाकून, एक डोळा बारीक करून, कुणाच्याही हाकेशिवाय नेम धरत होते.

क्लबच्या क्यू वाकड्या होत्या. टोकाची चामडी झिजलेली. टेबलावर एखादी गडगडत सोडली तर उड्या मारत जायची. सुभेदारांनी पहिल्याच दिवशी क्लबचा नियम सांगितला होता. भिंतीवर लाकडी स्टँड होतं, त्यात खाचा. ज्याची स्वतःची क्यू, त्याची एक खाच. खाली नावाची पट्टी. "अपनी क्यू ले आ," ते म्हणायचे, "मग ही जागा तुझी."

मला ती खाच हवी होती. उगाच का लपवू? क्यूपेक्षाही खाच जास्त हवी होती. सांगलीत मी भाड्याच्या खोलीत राहते, दुकानात दुसऱ्याच्या खुर्चीवर बसते. माझ्या नावाची एक जागा कुठंतरी भिंतीवर असावी, एवढंच.

सुभेदार म्हणाले, साताऱ्यात एका दुकानात साध्या, भरवशाच्या क्यू मिळतात. माझ्या पगारात बसतील अशा. काय बघायचं तेही त्यांनी शिकवलं. चकाकीला भुलायचं नाही. नक्षीला तर अजिबात नाही. आधी सरळ आहे का बघायचं, मग हातात वजन कुठं पडतं ते, मग जोड. दोन तुकड्यांची असेल तर जोडून बोटानं टिचकी मारायची, खुळखुळ वाजली तर परत द्यायची.

दुकानदारानं विचारलं, "भावासाठी का?"

"माझ्यासाठी."

त्यानं तरीही मुठीवर आगीच्या ज्वाळा काढलेली एक पुढं केली. मी ती काउंटरच्या काचेवर गडगडवली. मधे पोट निघालं. दुसरी बरी होती पण जोड वाजत होता. मग मागच्या खोक्यातली एक काढायला लावली. फिकट लाकूड, त्यात बाणासारख्या रेघा, काळी मूठ, मुठीवर एक ओरखडा. ओरखड्यामुळे कुणी घेत नव्हतं. मी डोळ्याशी धरून टोकापर्यंत बघितलं. सुतासारखी सरळ. तीच घेतली. ओरखडा आहे म्हणून थोडे कमी करायलाही लावले.

तिथूनच घरी जायची एसटी पकडली. सातारा, कोरेगाव, दहिवडी, म्हसवड. कोरेगावात शेजारी बसलेल्या बाईनं विचारलं, "पिशवीत काय हाय गं? बासरी?" मी म्हटलं, "व्हय." काय काय समजावत बसणार.

आमचं घर मेंढपाळाचं. आता थोडी शेती आहे, बोअर आहे, पण आबांनी, माझ्या वडलांनी, मेंढरं सोडलेली नाहीत. आमच्यात पोरगा कळपामागं जायच्या वयाचा झाला की बाप त्याला काठी निवडून देतो. काठीला करडईचं तेल मुरवायचं, उन्हात ठेवायची, मग बिरोबापुढं धरून भंडारा लावायचा. भंडारा म्हणजे देवाची हळद. त्याशिवाय काठी घेऊन कुणी उंबरा ओलांडत नाही. माझ्या भावाला मिळाली. चुलतभावांना मिळाली. मला कुणी काठी दिली नाही, आणि मी मागितलीही नाही. पोरीला कशाला काठी?

आबांनी पिशवीतले दोन तुकडे बाहेर काढले. एकदा इकडून बघितलं, एकदा तिकडून.

"मोडली व्हती व्हय? जोडून दिलीया जणू."

"न्हाई आबा, अशीच येती."

"ह्यानं हाणायचं कशाला?"

"बॉलला."

"मुक्या जनावराला न्हाई ना?"

"न्हाई, आवं खेळ हाय तो."

"मग बरं हाय," म्हणाले आणि अंगणात गेले.

मी दमले होते, झोपले. सकाळी उन्हं चांगली वर आल्यावर उठून बघते तर क्यू दाराला टेकवलेली, तेलानं निथळत. आबांनी तिला काठीसारखंच तेल पाजलं होतं. उन्हात ठेवून झालं होतं. भंडाऱ्याची मूठ वरपासून खालपर्यंत चोळून झाली होती. बाणासारख्या रेघांत हळद जाऊन बसली होती. आणि आबा अंघोळ करून, पटका बांधून उभे. मला म्हणाले, "धर. आता कुठं बी जा."

सगळं चुकलं होतं. क्यूला एवढं तेल चालत नाही. डाव्या हाताच्या बोटांवरून ती सरकली पाहिजे, ती चिकटायला लागली. मी तांब्याभर कढत पाण्यात फडकं पिळून पिळून पुसली, चिकटपणा बराच गेला. पिवळेपणा काही गेला नाही. पण खरं सांगते, मला राग आला नाही. त्या दारात उभी राहून मी रडले. बापानं मला काठी दिली होती.

आणि ती काठी त्या माणसानं दोन बोटांनी उचलली.

तो म्हणजे निखिलदादा. साखर कारखान्याच्या एका संचालकाचा मुलगा. नदीकाठचा ऊस, दारात दोन गाड्या. क्लबमध्ये वयानं मोठे असलेलेही त्याला दादा म्हणत. इतके दिवस त्यानं मला कधी त्रास दिला नव्हता. उलट "चांगला मारलास" असंही एकदोनदा म्हणाला होता. क्लबच्या वाकड्या क्यूनं मी खेळत होते तोवर त्याला माझा वास आला नव्हता. भिंतीवर त्याच्या क्यूशेजारची खाच रिकामी होती. सुभेदार माझ्या नावाची पट्टी तिथं लावायला निघाले, आणि त्याच्या नाकाला एकदम मेंढरं लागली.

तो गेल्यावर सुभेदारांनी मला बाजूला घेतलं. हातात पॉलिश पेपर दिला.

"घासून टाक बेटा. मामला खतम. नवी दिसंल. मग लावू पट्टी."

"वास येत न्हाई सुभेदार. मी पुसलीया."

"मला म्हाईत हाय. पण टेबलं त्याच्या जिवावर चालत्यात. समजून घे."

दुसऱ्या दिवशी दुकानात मागच्या बाजूला, चष्म्याच्या काचा घासतो त्या टेबलाशी मी क्यू घेऊन बसले. पॉलिश पेपर बोटाला गुंडाळला. एकदा घासलं. नखाएवढी जागा पांढरी झाली. पिवळी भुकटी उडाली आणि वास आला. करडईच्या तेलाचा, हळदीचा. आमच्या दाराचा. आबांच्या पटक्याचा. हा वास मी माझ्याच हातानं खरवडत होते. कुणासाठी? रुमालानं बोटं पुसणाऱ्यासाठी?

माझा हात थांबला. त्याची किळस आली, सुभेदारांची आली, आणि सगळ्यात जास्त माझी आली.

मी पॉलिश पेपर तिथंच टाकला आणि क्यू घेऊन जिना चढले.

निखिलदादा टेबलाच्या कडेवर बसून चिकन खात होता. हाताला लाल तेल. ते तेल तो टेबलाच्या लाकडी कडेला पुसत होता. इतके दिवस मी फक्त दिवे आणि हिरवं कापड बघत आले होते. त्या दिवशी सगळं बघितलं. कापडावर सिगारेटनं जळालेली भोकं. थंड पेयाचा वाळलेला, काळपट डाग. कोपऱ्यातल्या जाळीत बॉल पडतो तिथं गुटख्याच्या रिकाम्या पुड्या. खिडकीखाली पिंका. त्याचा पांढरा रुमाल चिकनच्या कागदावर पडलेला, हाडं गुंडाळायला घेतलेला. ह्या घाणीत माझी हळद घाण होती.

मी कुणाशी बोलले नाही. पायताण काढलं, स्टँडमध्ये ठेवलं. सरळ भिंतीकडे गेले आणि त्याच्या क्यूशेजारच्या खाचेत माझी क्यू उभी केली.

"कुणाला विचारून ठेवलीस?" तो म्हणाला.

"कुणाला न्हाई."

सुभेदार पुढं आले. "बेटा, घासून आणायचं ठरलं होतं ना?"

"तुमी ठरवलं. मी न्हाई. ज्याची क्यू त्याची खाच, हा नियम तुमीच सांगितला."

"पुसून तरी आण."

"पुसणार न्हाई."

मी ह्या वेळी हसले नाही.

निखिलदादा खाली उतरला. क्यूला हात लावायला गेला आणि मधेच थांबला. त्याच्या बोटांना तेल होतं. मी म्हटलं, "हात धुवून लावा. माझ्या बापानं देवापुढं धरलीया ती."

कुणीच हसलं नाही. त्यानं आपली क्यू काढली, गाडीची किल्ली उचलली, आणि सुभेदारांना म्हणाला, "हिला ठेवा नायतर मला ठेवा." सुभेदारांनी माझ्याकडे बघितलं ते असं, जणू मीच त्यांच्या ताटात माती कालवली.

माझ्या नावाची पट्टी अजून लागलेली नाही. तोही दोन दिवसांत परत आला, जाणार कुठं? सकाळी क्लब उघडला की सुभेदार माझी क्यू उचलून चपलांच्या स्टँडमध्ये ठेवतात. दुपारी मी जाते, ती तिथून काढते, फडक्यानं पुसते आणि भिंतीवर ठेवते. त्यांच्यासमोर. खेळायला कुणी सोबत घेत नाही, एकटीच बॉल मांडते. सुभेदार आता मला बेटा म्हणत नाहीत. म्हणूही नये. त्या शब्दाचाच मला वीट आलाय.

आबांचा फोन आला होता. "चिकाट गेला का गं काठीचा?"

"गेला."

"कुठं ठेवतीस?"

"भिंतीवर," मी सांगितलं. खोटं सांगितलं नाही.

बिरोबाच्या जत्रेला घरी जाणार आहे. क्यू घेऊन जाणार. आबांना सांगणार, पुन्हा भंडारा लावा. मी खरवडलेली ती नखाएवढी पांढरी जागा आधी भरा. मग तशीच पिवळी क्यू घेऊन मी तो जिना चढणार आणि तिच्या खाचेत ती ठेवणार. पट्टी त्यांनी लावली नाही तर माझ्या हातानं लावणार. ज्याला वास सोसत नाही त्यानं स्टँडमधलं आपलं पायताण घालावं आणि खाली उतरावं.