सव्वादोनची बांगडी

कासारकाकूंनी आज हिचा अंगठा आत दुमडला, पंजा चेपला आणि सव्वादोनची बांगडी हलकेच फिरवली. ती कुठेही न अडकता मनगटावर जाऊन बसली. मी दाराशी श्वास रोखून उभा होतो, तो तेव्हा कुठे सोडला.

दोन वर्षांपूर्वी याच दुकानात हिचं माप सव्वादोनवरून अडीचवर गेलं होतं. चपला लहान पडत होत्या, चेहरा रुंदावला होता. आम्ही घरचे म्हणायचो, सुख अंगी लागलं! काकूंना ते पटलं नाही. “अहो, अंगावर मांस चढलं तर हात मऊ लागतो. हिचा सगळा पंजाच वाढलाय. या वयात हात वाढत नाहीत. डॉक्टरांना दाखवा.”

डॉक्टरांनी आधी हिचा चेहरा किती बदललाय ते पाहायला आमच्या लग्नाचा अल्बम बघितला, मग रक्त तपासलं, एमआरआय काढला. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी ग्रंथी असते म्हणे. तिच्यावरची गाठ वाढीचं संप्रेरक सोडत बसली होती. ती गाठ शस्त्रक्रिया करून नाकावाटे काढली आणि हळूहळू हातांची सूज ओसरली.

त्या वाटाण्याचा कारभार कळायला किती संशोधक आयुष्यभर खपले असतील! आणि मी? रोज हा हात हातात घेणारा मी, मला काही कळलं नाही. कळलं ते वर्षातून दोनदा तो धरणाऱ्या बाईला.

बांगड्या भरून झाल्यावर रिवाजाप्रमाणे ही काकूंना नमस्कार करायला वाकली. त्या दुकानात पुरुष कधी वाकत नाहीत. मी चपला काढल्या आणि हिच्या शेजारी वाकलो.