मास्तरांचं लिव्हर

कटिंग मास्तरांना अख्खा कारखाना पाठीमागून 'काडी' म्हणायचा. मास्तरांना ते ठाऊक होतं, पण राग? छे! उलट मिरवायचे. लग्नातली पँट अजून अंगाला होते, हे नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवायचे. "पोट टेबलावर टेकवून कापड कापता येतं होय?" असं म्हणताना त्यांचा तिरपा डोळा इस्त्रीच्या टेबलाकडे असायचा. तिथे त्यांचे दाजी उभे असत.

दाजी म्हणजे ताईचा नवरा. दुसऱ्या खंडातला, दुसऱ्या वंशाचा, दाराएवढा माणूस. लग्न ठरलं तेव्हा घरच्यांनी नाकं मुरडली होती, पण दाजींनी वर्षभरात सगळ्यांना आपलंसं केलं. त्यांना मधुमेह होता, रोज पोटात इन्सुलिनची सुई टोचून घ्यायचे. मधुमेह ताईलाही होता, पण ती भावासारखीच किडकिडीत. गोळ्यांवर निभतंय, असं सगळे धरून चालले होते.

मग ताईचं पोट पाण्यानं फुगलं. लिव्हर गेलं होतं. आयुष्यात दारूच्या थेंबाला न शिवलेली बाई, पण लोकांच्या जिभेला काय हाड असतं? चोरून पीत असेल म्हणे! डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, नात्यातल्या कुणी लिव्हरचा तुकडा दिला तरच वाचेल.

"कुणी म्हणजे काय? मी मेलोय का?" मास्तर म्हणाले. "ताई, माझं अर्धं तुझं. दाजींचं मात्र घेऊ नकोस हं, तुपात बुडालेलं असेल!"

ताई हसली आणि कळ आली म्हणून लगेच थांबली. दाजीही हसले.

"उद्याच तपासणीला या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मास्तर गेले नाहीत. शाळेच्या गणवेशांचा हंगाम होता, टेबलावर कापडाचे थर पडले होते. पण खरं सांगायचं तर हंगाम हे निमित्त. त्यांना खात्रीच होती, दगडासारखी. हयात मापं घेण्यात गेलेली, स्वतःचं माप कळणार नाही? काम उरकू, मग एकदाच जाऊ आणि देऊन टाकू. तोवर ताईचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले.

अखेर गेले. दाजीही हट्टानं बरोबर आले, "माझंही बघा" म्हणत. बाईंनी मास्तरांच्या बेंबीवरून फीत फिरवली, तशी मास्तरांनी त्यांना शिकवलं, "बाई, कंबर खाली घेतात. पँट बसते तिथं."

"पँट कुठं बसते ते तुम्ही बघा. मला पोट बघायचंय."

शिंप्याची कंबर पोटाच्या खाली असते. शर्टाआड दडलेला तो छोटा घट्ट गोळा मास्तरांनी कधी मोजलाच नव्हता.

निकाल आला. लिव्हर चरबीनं भरलेलं, साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर.

"तुमच्या वंशात हे बरंच दिसतं," बाई म्हणाल्या. "कातडीखाली चरबीला जागा कमी, मग ती आत लिव्हरमध्ये साठते. इन्सुलिन असतं, पण लिव्हर त्याला जुमानत नाही. ताईंचं असंच होत गेलं."

"आणि दाजींचं?"

"स्वच्छ आहे. त्यांच्या लोकांत पुष्कळदा इन्सुलिनच कमी पडतं, लिव्हरमध्ये चरबी फारशी नसते. पण मधुमेहावर सुया घेणाऱ्याचं आम्ही घेत नाही."

"मग आता?"

"वजन उतरवा. काही महिन्यांत चरबी उतरेल." बाई थांबल्या. "तेव्हाच आला असतात तर..."

मास्तरांना जमीन पोटात घेईल तर बरं, असं झालं.

त्या दिवसापासून मास्तरांनी अन्न जवळजवळ सोडलं. दाजी दोन वेळा भाज्यांचं पातळ पाणी आणून समोर बसत, ते संपेपर्यंत उठत नसत. एका शब्दानं बोलले नाहीत, आणि तेच मास्तरांना सोसवत नव्हतं. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. कारखान्यातली चेष्टा आपोआप बंद पडली.

"अरे, काय अवतार केलास हा!" ताई अंथरुणातून म्हणाली. "माझ्या आधी जायचा विचार आहे का?"

"गप गं. होत आलंय माझं."

ताई थांबली नाही. एका सकाळी दाजी पाण्याचा पेला घेऊन उठवायला गेले, तेव्हा तिचा हात गार पडला होता.

मास्तरांच्या पुढच्या तपासणीची तारीख आधीच दिलेली होती. जायचं कशाला, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. तरी दाजी दारात येऊन म्हणाले, "चला मास्तर."

सोनोग्राफीच्या मशीनवरची मुलगी नवीन होती. मास्तरांच्या पोटावर थंडगार जेल लावून ती पडद्याकडे बघत राहिली, आणि तिचा चेहरा फुलला.

"अरे वा, काका! कमाल केलीत. अगदी स्वच्छ झालंय, आता खुशाल देता येईल. कुणाला द्यायचंय?"

"ताईला," मास्तर म्हणाले.

दाजींनी त्यांचं पोट पुसलं आणि शर्टाची बटणं लावून दिली.