तत्सम गावठी प्रकार

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते माझ्या आक्काचे. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, वडील शेरडं-मेंढरं घेऊन रानोमाळ असत आणि घरात दोघांपैकी एकालाच शाळेत जाता येणार होतं. आक्का चौथीत होती, वाचायची चांगली. तरी तिनं पाटी माझ्या हातात दिली आणि शेरडांमागची काठी स्वतः घेतली. पुढं मी आमच्या गावच्या, पिशोरच्या हायस्कुलात जायला लागलो, तेव्हा ती शाळेमागच्या माळावर शेरडं चारायची. शाळा सुटायच्या वेळेला फाटकापाशी येऊन उभी राहायची आणि आज काय शिकवलं ते विचारायची. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी आहे. पण पदवीच्या कागदावर नाव एकाचंच लिहितात.

हे आधीच सांगतो, कारण पुढं जे लिहिणार आहे ते रागानं लिहिणार आहे. तो राग कुणासाठी आहे, हे वाचणाऱ्याला ठाऊक असावं.

मी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. राहतो तिथून जवळच, एका सोसायटीत, चौथ्या मजल्यावर. गच्ची सगळ्यांची आहे. विमान उतरताना तिथून त्याची चाकं दिसतात. या गच्चीच्या एका कोपऱ्यात मी आणि बायकोनं भाजीपाला लावायला सुरुवात केली. विकतच्या कुंड्या फारशा नव्हत्याच. रंगाचे रिकामे डबे, तेलाचे पत्र्याचे डबे, कड तुटलेली बादली. सळई तापवून बुडाला भोकं पाडायची, भोकावर खापरीचा तुकडा ठेवायचा आणि माती भरायची. नळाला रोज पाणी येत नाही, हे आमच्या शहरात कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. म्हणून बायकोची अट होती की पिण्याचं पाणी कुंडीत जाणार नाही. तांदूळ, डाळ, भाजी धुतलेलं पाणी बादलीत साठवायचं आणि संध्याकाळी वर न्यायचं. ती अट आम्ही आजवर मोडलेली नाही.

पहिल्या खेपेला मी गावाकडची काळी माती पोत्यात भरून आणली. आपल्या रानातली माती, म्हणजे काहीही उगवणार, अशी माझी समजूत. डब्यात ती भिजली की चिखल व्हायची आणि वाळली की वीट. मिरचीची रोपं सिमेंटात रोवल्यासारखी उभी राहिली आणि उभ्या उभ्याच वाळली. फोनवर आक्का हसली. "अरं, रानातली माती डब्यात कोंडल्यावर ती तरी काय करल?" मग तिनं एसटीनं येणाऱ्या गाववाल्याच्या हाती लेंडीखताचं पोतं पाठवलं. लेंडीखत म्हणजे शेरडांच्या लेंड्यांचं कुजवलेलं खत. ते आणि थोडी वाळू मिसळली तेव्हा माती मोकळी झाली, आणि आमच्या डब्यांत वांगी आली, लवंगी मिरची आली, पुदिना, गवती चहा, ओवा आला. कडीपत्ता तर असा फुटला की सगळ्या बिल्डिंगला पुरायचा. पहिल्या मजल्यावरच्या वहिनी रोज सकाळी येऊन दोन-चार डहाळ्या तोडून न्यायच्या. आम्हाला त्याचा आनंदच होता.

आक्काच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. ऑपरेशन इथंच करायचं ठरलं, एक डोळा आधी आणि दुसरा काही आठवड्यांनी. मधल्या काळात ती आमच्याकडं राहिली. तिला असं बसून राहणं जन्मात माहीत नव्हतं. धूळ टाळा, वाकू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्यांनी मोकळीक दिली तशी ती काळा चष्मा लावून गच्चीवर जायला लागली. उलट्या बादलीवर बसायची, डबे उंच ओट्यावर मांडून घ्यायची. धने रगडून प्रत्येकाचे दोन भाग केले आणि पेरले, मेथी टाकली, टोमॅटोची रोपं एकाआड एक डब्यात लावली. त्या काळ्या चष्म्यात ती अशी दिसायची की बायको म्हणायची, "आक्का, तुम्ही हिरोइनीसारख्या दिसताय." आक्का म्हणायची, "व्हय, म्हातारी हिरोइन. गाणं म्हणू का?"

एका दुपारी ती सोसायटीमागच्या मोकळ्या प्लॉटवर गेली आणि बाभळीच्या फांद्या मोडून, त्यांचा भारा डोक्यावर घेऊन लिफ्टनं वर आली. बायकोनं दार उघडलं तर समोर काटेच.

"आक्का, हे काय?"

"कुपाटी करायची. रोपांला."

कुपाटी म्हणजे काट्यांचं कुंपण. आमच्याकडं वाफा केला की आधी कुपाटी घालतात, मग बाकीचं.

"कशासाठी?"

"शेरडं खातील ना गं."

"गच्चीवर शेरडं?"

आक्कानं भारा खाली टाकला आणि मग दोघी इतक्या हसल्या की शेजारचं दार उघडलं. "सवय गं पोरी," ती डोळ्यांवरचा चष्मा सावरत म्हणाली. "पण ऱ्हाऊ दे आता. उघडं रोप बघवत नाय मला." आणि तिनं त्या डब्यांभोवती नीट, हातभर उंचीची कुपाटी घातली, पिशोरच्या माळावर घालायची तशी. कबुतरं त्यातूनही आत जायची. माझी मात्र त्या दिवशी संध्याकाळी गच्चीवरून खाली यायची इच्छा होईना. इतक्या वर्षांत त्या बिल्डिंगमध्ये मला पहिल्यांदा घरी आल्यासारखं वाटलं.

दोन-तीन दिवसांनी मी कामावर असताना सोसायटीचे सेक्रेटरी पाण्याची टाकी बघायला वर गेले. त्यांची पँट काट्यात अडकली आणि तिचा दोरा निघाला. आक्का तिथंच मेथीपाशी बसलेली होती. पुढचं बायकोनं मला सांगितलं. ती पाण्याची बादली घेऊन जिन्यात पोचली, तेव्हा त्यांचा आवाज खालपर्यंत येत होता.

"ए बाई, कुणाकडची तू? हे काय जंगल करून ठेवलंय? हे काय तुझं खेडं आहे? उचल हे सगळं, आत्ताच्या आत्ता!"

आणि माझी आक्का उठून उभी राहिली, हात जोडले आणि म्हणाली, "चुकलं साहेब." मग तिनं स्वतःच्या हातानं सगळी कुपाटी काढली. बायको मधे पडली, भांडली, पण आक्कानंच तिला गप्प केलं. रात्री जेवण झाल्यावर आक्कानं आपली पिशवी भरली. सकाळी म्हणाली, "शेरडी व्यायला झालीया. जाते मी." दुसऱ्या डोळ्याची तारीख ठरायची होती. "एका डोळ्यानं दिसतंय की," म्हणाली आणि एसटीत बसली.

तिचे हात मी पाहिलेत. त्या हातांनी मला भाकरी करून घातली, परीक्षेच्या दिवशी माझ्या शर्टाची गुंडी शिवली. ते हात एका पँटीच्या दोऱ्यासाठी जोडले गेले. आजही हे लिहिताना माझी बोटं गरम होतात.

त्याच आठवड्यात बोर्डावर नोटीस लागली. तीच मोबाइलवर सोसायटीच्या ग्रुपमध्येही आली. "गच्चीवर फक्त शोभेच्या कुंड्या ठेवाव्यात. भाजीपाला, वेल, काटेरी कुंपण व तत्सम गावठी प्रकारांस सक्त मनाई आहे." खाली पाच-सहा जणांनी संमतीचे अंगठे टाकले होते. त्यात पहिल्या मजल्यावरच्या वहिनीही होत्या. बायकोनं नोटीस दोनदा वाचली आणि म्हणाली, "अहो, सेक्रेटरींच्या स्वतःच्या दारात ते निवडुंग ठेवलेत, त्याला काय कापूस लागतो?"

रविवारी पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडून मीटिंग झाली. मी भांडखोर माणूस नाही. शाळेत असताना मास्तरांनी विचारल्याशिवाय बोललो नाही आणि कारखान्यातही आवाज चढवत नाही. त्या दिवशी मात्र मी उभा राहिलो.

"सर, तुम्ही शिकलेले आहात," सेक्रेटरी म्हणाले. "तुम्हाला मी काय सांगायचं?"

"शिकलोय म्हणून तर नोटीस वाचता आली," मी म्हणालो. "तत्सम गावठी प्रकार म्हणजे काय, एवढं सांगा."

"म्हणजे हेच. तेलाचे डबे, काटे, ते शेणखत."

"लेंडीखत."

कुणीतरी हसलं. सेक्रेटरीही हसले. "तेच ते."

"तेच ते नाही. साहेब, सकाळी भाजीवाला खाली ओरडतो तेव्हा तुमच्या घरून काय विचारतात? गावठी कोथिंबीर आहे का? गावठी लसूण आहे का? तूप गावठी पाहिजे, अंडी गावठी पाहिजेत, त्यासाठी जास्त पैसे मोजायची तयारी. म्हणजे ताटात गावठी चालतं. गच्चीवर उगवलं की ते घाण होतं?"

मागून एक निवृत्त काका म्हणाले, "पॉइंट आहे बुवा."

"इमोशनल होऊ नका, सर," सेक्रेटरी म्हणाले.

"माझ्या बहिणीला तुम्ही जे बोललात, त्याचं काय?"

"बहीण?" त्यांचा चेहरा खरोखर गोंधळलेला होता. "ती तुमची बहीण होती? मला वाटलं कामवाली आहे. सॉरी हं, माहीत नव्हतं."

"माहीत असतं तर काय बोलला असतात? आणि कामवाली असती तर तिनं हात जोडावेत, हे बरोबर होतं का?"

त्यांनी कागद चाळले आणि म्हणाले, "ठीक आहे. शब्द खटकत असेल तर शब्द काढतो. नियम राहील. कोण कोण बाजूनं?" हात वर झाले. वहिनींचा हात कोपरापर्यंतच वर आला, पण मोजताना तोही मोजला गेला. काकांचा हात खाली राहिला, एवढंच.

दुसऱ्या दिवशी नवी नोटीस लागली. तीत "गावठी" खोडून "अशोभनीय" केलेलं होतं.

कुंड्यांसाठी लिफ्ट वापरू नये, अशी सूचनाही होती. मी आणि बायकोनं एकेक डबा जिन्यानं खाली आणला. आमची गॅलरी लहान आहे. कपड्यांची दोरी काढली, जुनं कपाट देऊन टाकलं, चपलांचा स्टँड आत घेतला. कागदी लिंबाचं झाड दारातून आत येईना, तेव्हा त्याच्या दोन फांद्या बांधून त्याला तिरकं केलं. टोमॅटोची काही रोपं जिन्यातच मोडली. बाकीचं सगळं आलं. आता सकाळी चहा घेताना माझ्या खांद्याला गवती चहा लागतो. पहिल्या मजल्यावरच्या वहिनींना कडीपत्ता तोडायला आता आमची बेल वाजवावी लागेल. अजून त्या आलेल्या नाहीत.

आक्काला रोज फोन करत होतो. दुसऱ्या डोळ्याचा विषय काढला की ती म्हणायची, "जाऊ दे भाऊ, तुला तिथं ऱ्हायचं हाय, भांडू नको. माझंच चुकलं, तिथं कुठली आली शेरडं?" आणि फोन ठेवून द्यायची. फोनवर ती मला बोलू देणार नाही, हे माझ्या लक्षात आलं. मग मी तिला पत्र लिहिलं, मोठ्या अक्षरात, तिला एका डोळ्यानं वाचता येईल असं. ते असं:

आक्का,

पाया पडतो. शेरडी व्याली का? किती पिल्लं झाली ते कळव.

हे पत्र तुला एकटीला वाचायचं आहे. कुणाकडून वाचून घेऊ नको. तुला दिसतंय, आणि तुला वाचता येतं.

तू "माझं चुकलं" असं म्हणतेस. मला मान्य नाही. शेरडं असोत नसोत, रोप लावलं की कुपाटी घालायची, हे तू मला पहिलीत जायच्या आधी शिकवलंस. तू माझ्याभोवतीही ती घातलीस. मी शिकलो तो त्या कुपाटीच्या आत. त्या माणसानं ती तुझ्या हातानं काढायला लावली. मी त्याच्याशी सगळ्यांसमोर भांडलो. हरलो. त्याची मला लाज वाटत नाही, पण तू कुणापुढं हात जोडलेस ते मला सहन होत नाही. या शहरात तुला कुणाची माफी मागायची नाही. हे घर माझं आहे, तेवढंच तुझं आहे.

गच्चीवरचे डबे आता गॅलरीत आहेत. तुझ्या मेथीची एक भाजी झाली. कोथिंबीर दाट आली आहे. मी मागच्या प्लॉटवर जाऊन बाभळीच्या फांद्या आणल्या आणि गॅलरीच्या गजांना कुपाटी घातली. तुझ्यासारखी जमली नाही, तू येऊन नीट कर. बोटाला दोन काटे लागलेत, तुझी भावजय चिडवते.

डॉक्टरांशी बोललो आहे. तू ये म्हणजे दुसऱ्या डोळ्याची तारीख घेतो. नाही म्हणालीस तर मी रजा टाकून पिशोरला येईन आणि घेऊन येईन, मग गावात तमाशा होईल, तो तुला चालेल का बघ.

येताना लेंडीखताचं पोतं आण. मोठं आण. मी स्टँडवर येतो. पोतं मी घेतो, तू मोकळी चल. आणि आपण जिन्यानं नाही, लिफ्टनं वर जायचं आहे.

तुझा भाऊ