शेजारणीची साडी

तुरुंगातल्या माणसाला भेटायला जाणाऱ्यांना आमची संस्था एसटीचं भाडं देते. त्यासाठी हडपसरच्या एक बाई दर महिन्याला येतात; नवरा कोल्हापूरच्या तुरुंगात आहे. अंगावर विटकी साडी, हात रिकामे. खुर्ची दिली तरी बसत नाहीत. दर वाक्याला "तुमची कृपा" म्हणतात. ते ऐकवत नाही, पण मी त्यांना कधी थांबवलं नाही.

परवा स्वारगेटला कोल्हापूरच्या गाडीपाशी दिसल्या. कडक इस्त्रीची जांभळी साडी, हातभर बांगड्या, केसांत गजरा. मी ओळखीचं हसलो, तर त्यांनी गजरा ओढून मुठीत लपवला.

"साडी शेजारणीची हाय, सर. घर बरं चाललंय, असं ह्यांना वाटावं म्हणून नेसले. भाडं बंद नाय ना करणार?"

मी काहीच विचारलं नव्हतं.

गाडी हलली तेव्हाही खिडकीत त्यांची मूठ मिटलेलीच होती.