मामांची पोच

आधी माफी मागतो. एखाद्या माणसावर लिहावं एवढा मी मोठा नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि परीक्षेचे पेपर सोडले तर लांबलचक असं मी आजवर काही लिहिलेलं नाही. त्यात ज्यांच्याबद्दल लिहितोय ते माझे सख्खे मामा, आईचे थोरले भाऊ. त्यांना विचारलं असतं तर म्हणाले असते, "लिही की. पर एक प्रत मला दे." तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्यावं. पण एक गोष्ट मी छातीवर हात ठेवून सांगतो: माझ्या मामांनी जन्मात पोच घेतल्याशिवाय कुणाला काही दिलं नाही, आणि पोच दिल्याशिवाय कुणाकडून काही घेतलं नाही.

ऑफिसात अर्ज दिलेल्या माणसाला पोच म्हणजे काय ते सांगायला नको. आपल्याजवळच्या प्रतीवर समोरच्यानं सही करायची, तारीख टाकायची, नशीब असेल तर शिक्का मारायचा. मामा सातवी शिकलेले. फार पूर्वी त्यांनी रेशन कार्डासाठी दिलेला अर्ज ऑफिसात कुठं तरी गडप झाला आणि "तुमचा अर्ज आलाच नाही" हे वाक्य त्यांना इतक्या वेळा ऐकावं लागलं की तिथून पुढं त्यांनी माणसाच्या शब्दावरचा विश्वासच काढून घेतला. तेव्हापासून त्यांच्या खिशात एक दुमडलेली वही आणि कानावर पेन असतं. दस्तखत हा शब्द ते देवाचं नाव घ्यावं तसा घेतात. भाऊबीजेला आई ओवाळते, मामा ताटात साडी ठेवतात आणि लगेच वही पुढं करतात. "पातळ एक, हिरवं, मिळालं. कर दस्तखत." आई आधी अंगठा द्यायची. मी पाचवीत असताना तिला नाव लिहायला शिकवलं ते या वहीपायीच. मामीनं मात्र या छंदाचा एकदाच सूड घेतला. दळण आणल्याची पोच द्यायला वही हातात आली तेव्हा तिनं लिहून ठेवलं, "नवरा एक, जुना, आहे तसा मिळाला." मामांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि गंभीरपणे म्हणाले, "तारीख टाकली न्हाय." यष्टीत बसलं की मामा खूष असतात, कारण मागण्याआधी पोच हातात देणारा सरकारी माणूस त्यांना फक्त कंडक्टरच भेटलेला आहे.

त्यांची दुसरी खोड याहून अवघड. मामांचा कुठलाही अर्ज "प्रत माहितीस्तव सादर" या ओळीनं संपतो आणि ती प्रत ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे त्यालाच जाते. ग्रामपंचायतीच्या दिव्याबद्दल अर्ज केला तर प्रत ग्रामसेवकाला. शेजाऱ्याची म्हैस परड्यात शिरते म्हणून अर्ज केला तर प्रत शेजाऱ्याला, तीही चहा पिता पिता, स्वतःच्या हातानं. मी एकदा भीत भीत विचारलं होतं की असं कशाला करता. ते म्हणाले, "ज्याच्याबद्दल लिव्हलं त्यालाच ठावं न्हाय म्हंजी ती चहाडी झाली. तक्रार तोंडावर असती." मला ते तेव्हा फार पटलं होतं. म्हणूनच पुढं जे झालं त्यात माझाही हात आहे.

येरमाळ्याच्या अलीकडं, हमरस्त्याला लागून एक दाळ मिल आहे. मामा तिथं मशीनवर, आई आणि आणखी दहा बायका निवडायला, पोती भरायला. दाळ वर चढवणारा एक मोठा पट्टा आहे आणि तो ज्या चाकावरून फिरतो तिथं लोखंडी जाळी हवी. ती पूर्वी होती. पण दाळ अडकली की जाळीचे बोल्ट काढा, पुन्हा लावा, यात वेळ जातो म्हणून मालकानं ती काढून टाकली. गोदामामागं ती पडून होती आणि वॉचमनच्या बायकोनं तिच्यावर कुरडया वाळत घातल्या. मामा रोज त्या कुरडयांकडं बघून मालकाला तोंडी सांगत आणि मालक रोज "बसवू, बसवू" म्हणत. मग दिवाळीच्या आधी आमच्या आळीतल्या एका वहिनीचा हात त्या पट्ट्यात गेला. दोन बोटं गेली. दवाखान्यात मुनिमानं डॉक्टरला सांगितलं की बाई घरी कडबा कापताना जखमी झाली. वहिनी बेशुद्ध होती. मामा बाजूलाच उभे होते, अंगावरचा सदरा रक्तानं भरलेला. ते डॉक्टरला एवढंच म्हणाले, "ह्येंच्या घरी जनावर न्हाय. कडबा कुणासाठी कापल?"

मी दिवाळीच्या सुट्टीला घरी होतो. मामा संध्याकाळी कोरे कागद घेऊन आले. "तुजं अक्षर चांगलं हाय. लिही." मी लिहीत गेलो. जाळी काढलेली, अपघाताची नोंद नाही, कुणालाही नेमणुकीचा कागद नाही, आठवड्याची सुट्टी नाही. अकरा बायकांनी सह्या केल्या, कुणी अंगठे दिले. वहिनीनं डाव्या हाताचा अंगठा दिला, उजव्याला पट्टी होती. आईची सही तिसरी. शेवटी मामा सवयीनं म्हणाले, "प्रत माहितीस्तव, मालकसाहेबांना." आणि मीही सवयीनं लिहिलं. शाळेच्या पत्रलेखनात "कळावे" लिहावं तसं. ही ओळ कुणाच्या तरी हातात पडणार आहे, असं माझ्या मनातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि मामा यष्टीनं धाराशिवला कामगार ऑफिसात गेलो. तिथल्या क्लार्कनं अर्ज वाचला. माणूस भला होता. म्हणाला, "मशीनच्या सुरक्षेचं ऑफिस वेगळं आहे. पण राहू द्या, मी घेतो आणि तिकडं पाठवतो. पोच उद्या न्या, शिक्का साहेबांच्या कपाटात आहे."

"बसतो," मामा म्हणाले.

"अहो, साहेब मीटिंगला गेलेत."

"यीतील की. माज्याजवळ भाकरी हाय."

आणि खरंच बाकावर बसून त्यांनी डबा उघडला, क्लार्कच्या टेबलावर कागदाच्या तुकड्यावर ठेचा वाढला. दुपारी शिक्का मिळाला. ठेच्यानं डोळ्यांत पाणी आलेला क्लार्क आम्हाला धीर द्यायला म्हणाला, "काळजी करू नका. तक्रार कुणी केली हे आम्ही मालकाला कळू देत नसतो. नावं गुपित राहतात."

मामांनी पोच वहीत घडी करून ठेवली. "न्हाय, त्येंला ठावं हाय," ते शांतपणे म्हणाले. "प्रत सकाळीच दिली. मुनिमाची दस्तखत हाय बगा."

क्लार्कनं पेन खाली ठेवलं. तो माझ्याकडं बघायला लागला, कारण दोघांत शिकलेला मी दिसत होतो. "बाळा," तो म्हणाला, "सह्यांसकट?"

सह्यांसकट. अकरा बायकांची नावं, गावासकट, माझ्या चांगल्या अक्षरात. मुनिमाला मामांच्या वहीत सह्या करायची इतकी सवय होती की त्यानं न वाचता सही केली होती, पण मालक काही न वाचता राहणार नव्हता. परतीच्या यष्टीत मामा तिकीट हातात धरून बसले होते. मधेच म्हणाले, "चुकलं का रं?" मी बाहेर बघत राहिलो. आता वाटतं, काहीतरी बोलायला हवं होतं.

आम्ही पोचेपर्यंत मिलमध्ये एकेकीला केबिनमध्ये बोलावणं झालं होतं. ते आईनं नंतर सांगितलं. मुनीम कागद पुढं करी आणि विचारी, "ही सही तुझी का?" पहिली म्हणाली, रेशनचा अर्ज आहे सांगून अंगठा घेतला. दुसरी नुसती रडली. तिसरी आई.

"ही तुझी का?"

"माजीच हाय."

"वाचून केली का?"

"मला वाचाया येत न्हाय. पर दस्तखत माजीच. माज्या लेकानं शिकवलीय."

हे ऐकलं तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. मला भीती वाटली. मालकानं आईला काढलं नाही. त्यानं फक्त एवढंच केलं, की दुसऱ्या दिवसापासून तिला निवडण्यावरून उठवून पट्ट्याजवळ उभं केलं. वहिनी जिथं उभी असायची तिथं. आणि मामांना फाटकावर सांगितलं, "मामा, उद्यापासून येऊ नका."

"लेखी द्या," मामा म्हणाले.

"लेखी कशाला? तोंडानं सांगतोय की."

"मग म्या येनार."

आणि ते येत राहिले. रोज सकाळी आठला डबा घेऊन, अंघोळ करून, मिलच्या फाटकावर. वॉचमन आत सोडत नसे. मामा वही काढत. "आज आलतो आन् आत घेतलं न्हाय. कर दस्तखत."

"मामा, तुमच्यापायी माझी नोकरी जाईल हो!"

"तू काय बी लिहू नको. म्या लिव्हलंय. तू खाली नाव अन् टाइम टाक. खोटं असल तर नको टाकू."

वॉचमन चार दिवस पाठ फिरवून बसला. पाचव्या दिवशी त्यानं इकडंतिकडं बघून सही केली. जाळीवरच्या बायकोच्या कुरडया मनाला लागल्या असाव्यात. मग तो रोज करायला लागला. शेवटी शेवटी तर मामांना पाच मिनिटं उशीर झाला की तोच रस्त्याकडं बघत राही.

आई आत जाताना मामा फाटकाच्या गजांतून ओरडत, "पदर कमरंला खोच! बांगड्या वर सार! कुनी हाक मारली तर मान वळवू नको!" आणि दिवसभर समोरच्या टपरीच्या बाकावर बसून राहत. पट्ट्याचा आवाज रस्त्यापर्यंत येतो. वीस-बावीस वर्षं ते मशीन चालवलेला माणूस, आवाज जरा बदलला तरी उठून उभा राही. टपरीवाल्यानं मला सांगितलं की मामांचा चहा रोज गार होतो. संध्याकाळी सुटी झाली की आई फाटकापाशी येई आणि दोन्ही हात पुढं करी. आधी तळवे, मग पालथे. मामा बोटं मोजत. खरंच मोजत, एकेक. मग वहीत लिहीत, "हात दोन, बोटं धा, मिळाली," आणि आईची सही घेत. बाकीच्या बायका हसत. आई म्हणे, "दादा, येडा झालास का, लोक बघायलेत." पण एकही दिवस ती हात न दाखवता घरी गेली नाही.

सुट्टी संपली तसा मी लातूरला हॉस्टेलवर परतलो. जायचं नाही म्हणालो होतो, पण मामांनी बॅग स्वतः उचलून यष्टीत ठेवली. "तू हितं थांबून काय करनार? तुजं काम झालं, अक्षर चांगलं आलंय." मी रोज संध्याकाळी साडेसहाला आईला फोन करायचो. ती जेवलास का विचारायची, मी आधी हातांचं विचारायचो. एके दिवशी फोन उचलला गेला नाही. मी अभ्यासिकेच्या बाहेर जिन्यात बसून पुन्हा पुन्हा लावत होतो. डोळ्यांसमोर सारखी ती ओळ येत होती, माझ्या अक्षरात, सुवाच्य, "प्रत माहितीस्तव". अर्धा तास गेला. मग तिचाच फोन आला. मला आधी नुसता आवाज ऐकू आला, बायकांचा गलका.

"आई, हात?"

"हायत रं दोन्ही. ऐक तर."

ऑफिसातून साहेब आले होते, मशीन तपासणारे. न सांगता आले. मालक म्हणाला, जाळी कालच दुरुस्तीला काढलीय. साहेब गोदामामागं गेले आणि कुरडया बाजूला करायला लावल्या. मालक म्हणाला, तो म्हातारा आपणहून यायचा बंद झाला. तेव्हा साहेबांनी फाटकाबाहेर बाकावर बसलेल्या माणसाला आत बोलावलं, आणि मामांनी वही दिली. देताना साहेबांकडून पोचही घेतली. साहेब उभ्या उभ्याच ती वही वाचत राहिले. रोजची तारीख, रोजचा टाइम, वॉचमनची सही, त्याखाली आईची. हात दोन, बोटं धा. पानं उलटता उलटता त्यांनी आईकडं बघितलं, वही मामांना परत दिली आणि पट्टा बंद करायला सांगितला. जाळी बसेपर्यंत तो चालू झाला नाही.

"आन् मामा?"

"मालकानं कागुद दिला. कामावर या म्हनून. लेखी, शिक्क्याचा. दादानं कागुद घेतला आन् सरळ आत गेला. मुनीम पोचचं बुक घेऊन मागं पळायला, मामा दस्तखत, मामा दस्तखत. दादाला ऐकूच येईना. जाळीला हात लावून नुसता हुभा."

"आणि तुझी सही? संध्याकाळची?"

"म्या गेले की हात दाखवाया. तर म्हनला, आज ऱ्हाऊ दे."

वहीत त्या दिवसाच्या पानावर वॉचमनच्या सहीखालची जागा कोरी आहे.