जानकीचा आडाळो

"सुबोधा, आडाळो खंय ठेवलंस माझो?"

"ओट्यार बघ, आये. चार स्क्रू मारून घट्ट बसयलंय. आता उभ्यान खोव."

जानकीने मान वर केली. वर म्हणजे खरंच वर.

"मेल्या, इतक्या उंचार नारळ माडारच असतत!"

आडाळो म्हणजे शहरातल्यांची विळी. पण विळी पोरीबाळींची वाटते, आमचा आडाळो बाप्यासारखा. फणसाचा पाट, वर पातं, पात्याच्या टोकाला दातेरी खोवणी. हे पातं जानकीच्या सासऱ्याच्या नांगराचा फाळ होतं. फाळ झिजला तेव्हा लोहाराने ठोकून दिलं. लग्नानंतर ती गिरणीतल्या नवऱ्यामागे वाकोल्याच्या चाळीत आली, ती आडाळो नि भात मोजायचा शेर घेऊनच. शेरात आता गुडघ्याच्या गोळ्या असतात. आडाळ्याने मात्र कधी सुट्टी घेतली नाही. नवरा गेल्यावर पलीकडच्या राजारामच्या खानावळीला सोलकढीचं खोबरं तिनेच पुरवलं, त्यावर सुबोध शिकला.

गुडघ्याचं ऑपरेशन झालं नि डॉक्टरने तिचं जमिनीवर बसणं बंद केलं. राजाराम वाईट नाही, पण त्याची चूल थांबत नाही. "सोमवारपासून खोबरं दे मावशी, नाहीतर मी तयार पाकिटं घेतो." आज सोमवार.

सुबोध फॅब्रिकेशनच्या कारखान्यात. रविवारभर खपून त्याने आडाळो ओट्यावर चढवला होता.

जानकीने उभ्याने नारळाची कवड धरली. कोपरं कानाशी आली. जोर खांद्यातून जाईना, मग तिने रेटलं. परातीत खोबऱ्यापेक्षा करवंटीचा काळा चुराच जास्त पडला.

"असला खोबरा राजाराम कोंबड्यांकय घालूचो नाय." हसत म्हणाली, पण कवड बाजूला ठेवली. "ऱ्हवांदे रे. पाकिटां घेवंदेत त्येका."

सुबोध स्क्रूड्रायव्हर घेऊन स्क्रू काढायला लागला. पाट हातात आला तेव्हा बसून बसून पडलेल्या खळग्यावर त्याचा अंगठा फिरला. आई जोर हाताने लावत नव्हती, बसून लावत होती. त्याने आईकडे बघितलं नि गॅलरीतलं बाकडं ओढत आत आणलं.

"आये, जमनीर बसूचा नाय, असा डॉक्टर म्हणालो. बाकड्यार बसूचा नाय, असा खंय म्हणालो?"

बाकड्याच्या टोकाला आडाळो बसला. परात खाली स्टुलावर. जानकीने लुगडं खोचलं, दोन्ही बाजूंना पाय टेकून त्या खळग्यात बसली.

"हलता काय?"

"मिया बसलंय नि हलतला? माझा वजन बघलंस मां?"

कवड फिरली. खर्र, खर्र. पांढरंशुभ्र खोबरं परातीत पडायला लागलं. तिने चिमूटभर उचललं, सुबोधच्या तोंडात कोंबलं.

"गोड असा?"

"असा."

"मग हुबो काय ऱ्हवलंस? कामार जा. नि जाताना राजारामाक सांग, खोबऱ्याक डबो धाड म्हणान."

दुसरी कवड तिने आधीच हातात घेतली होती.