डाव्या कानाला शंभर टक्के

माझ्या नवऱ्यासारखी कापसाची पारख करणारा माणूस अख्ख्या मलकापुरात नाही, असं कापसातली सरकी काढणारे जिनिंगवाले सांगतात. गाडी आली की तो वरच्या पांढऱ्याशुभ्र थराकडे बघतसुद्धा नाही. बाही सारतो, कोपरापर्यंत हात आत खुपसतो, तळातला कापूस ओढून काढतो, चिमटीत धरून धागा ताणून पाहतो, आणि मोताळ्याहून आलेल्या शेतकऱ्याला तोंडावर सांगतो, "पाणी मारलं ना भाऊ याले?" शेतकरी आधी आईची शपथ घेतो, मग हसतो.

असा हा माणूस माझे लेख वाचत नाही. व्होट मात्र न चुकता देतो. आणि माझा एक लेख त्यानं वाचावा म्हणून माझा जीव तुटत होता, कारण माझा डावा कान गेला होता आणि ते मी घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

आधी व्होटांचं सांगते. मध्यंतरी ज्याला त्याला आभासी नाण्यांचं वेड लागलं होतं, तेव्हा यानंही घेतली. भाव आपटला. मग कुणीतरी त्याच्या कानात सांगितलं की ब्लॉकचेनवर चालणारी एक लिहिण्याची साइट आहे, तिथं ही नाणी कामाला येतात. तुम्ही लेख टाकायचा, लोकांनी व्होट द्यायचे, व्होटांच्या हिशेबानं तुम्हाला नवी नाणी मिळायची. ज्याच्याजवळ नाणी जास्त, त्याचा व्होट वजनदार. आणि खरी गंमत म्हणजे व्होट देणाऱ्यालाही वाटा. चांगलं लिखाण निवडल्याबद्दल म्हणे! वाचण्याची मजुरीच ही, फक्त वाचलं का म्हणून कुणी विचारत नाही.

"तू लिव, मी व्होट देतो," नवरा म्हणाला. "दोघाईचं भलं."

मला शाळेपासून लिहायची हौस. मी भरिताच्या वांग्यांवर लिहिलं, स्टेशनावरच्या माकडांवर लिहिलं, उन्हाळ्यात गच्चीवर वाळवणाची राखण कशी करावी ते लिहिलं. लेख टाकला की पाच मिनिटांत नवऱ्याचा व्होट हजर, तोही शंभर टक्के वजनाचा, म्हणजे पूर्ण ताकदीचा. मी बावळट. मला वाटायचं, माय वं, काय मन लावून वाचते हा माणूस! एकदा तो माझ्यासमोर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होता, फोन आत चार्जिंगला लावलेला, आणि व्होट आला.

"फोन तर आत हाये तुमचा," मी म्हटलं.

"बॉट लावून ठेवला ना. तुह्या नावाचा लेख आला का तो आपोआप व्होट टाकते. पाचव्या मिनटाले टाकला का वाटा जास्त भेटते." आणि शेंग फोडून तोंडात टाकली.

"मंग कापसाच्या गाडीत काऊन हात घालता? तिथंई लावा बॉट."

"वा वा! कापसात लोक वजनासाठी पाणी मारतात, सरकी मिसळतात. हात घातल्याशिवाय कसं समजीन?"

"आन् लेखात नाई मारत का पाणी?"

तो हसला. बोलण्यात मी जिंकले की तो हसतो आणि विषय संपतो. बॉट तसाच राहिला.

तुम्ही म्हणाल, मग हातानं निवडणाऱ्यांकडे जायचं. गेले ना! त्या साइटवर मराठी लिहिणाऱ्यांचा एक गट आहे. यंत्राच्या व्होटांनी साहित्याचं वाटोळं केलं, आम्ही प्रत्येक लेख वाचून निवडतो, असं ते छाती ठोकून सांगतात. त्यांचे एक प्रमुख माझ्या प्रत्येक लेखाखाली लिहीत, "भावस्पर्शी! असेच लिहीत राहा." भरिताखाली भावस्पर्शी. ठीक आहे, भरीत होतंच तसं. पण डोक्यातल्या उवा कशा काढाव्यात यावर लिहिलं, त्याखालीही भावस्पर्शी. तिथं माझं डोकं फिरलं. दुसऱ्या एका मंडळाची तर कमालच. लेख टाकून मी अजून चष्मा खाली ठेवला नाही, तोच त्यांची पाटी येऊन लटकायची: "हा लेख आमच्या सदस्यांनी काळजीपूर्वक हाताने वाचून निवडला आहे." ती पाटीही यंत्रच चिकटवत होतं. लाज म्हणून नाही मेल्यांना.

आता कान. खामगावच्या डॉक्टरनं तपासलं. मी बहिणीकडे पिंपळगाव राजाला जाते असं सांगून गेले होते. डावा कामातून गेला, उजवा सांभाळा, म्हणाले. परत येताना एसटीत ठरवलं की आज सांगायचं. घरी आले, ताट वाढलं आणि जीभ उचलेना.

कारण आमच्या घरात बहिरेपण ही करमणुकीची गोष्ट आहे. शेवटी शेवटी सासूबाईंना कमी ऐकू यायचं, तर नवरा आणि त्याचे दोघे भाऊ त्यांच्यासमोर आवाज न काढता नुसते ओठ हलवायचे. त्यांनी "काय रे?" म्हटलं की पोट धरून हसायचे. त्याही हसायच्या बिचाऱ्या, काय करतील? ते हसणं माझ्या वाट्याला यायला नको होतं. तोंडानं सांगितलं की चेहऱ्यावर पहिल्यांदा काय उमटतं ते बघावं लागतं. लिहिलं तर तो एकटा वाचेल, हसायचं तेवढं हसून घेईल, आणि मग माझ्याकडे येईल. असा माझा हिशेब.

म्हणून लिहिलं. नावच दिलं "माझा डावा कान". त्यात सगळं घातलं. डाव्या बाजूनं बोललेलं मला कळत नाही, जेवताना तो नेमका डावीकडे बसतो, मी नुसती मान हलवते, आणि मला भीती वाटते. इतकं खरं मी आयुष्यात लिहिलं नव्हतं.

पाचव्या मिनिटाला व्होट आला, शंभर टक्के. भावस्पर्शी आलं, हातानं वाचल्याची पाटी आली. वांग्याला मिळाली होती तेवढीच नाणी माझ्या कानाला मिळाली. नवरा अंगणात गाडी पुसत होता. पुसून झाल्यावर आत आला आणि म्हणाला, "चहा ठेव." मी वाट पाहिली. रोज वाटायचं, आज वाचेल. तो डावीकडे बसून जेवत राहिला आणि मी मान हलवत राहिले.

मग एका दुपारी तो जिनिंगचे मालक आणि बाहेरगावचा एक व्यापारी, दोघांना घेऊन दारात उभा. आदल्या रात्री जेवताना त्यानं मला सांगितलं होतं म्हणे, उद्या पाहुणे जेवायला आहेत, पुरणपोळी कर. मी मान हलवली होती म्हणे. घरात सकाळच्या दोन भाकरी आणि लोणचं.

पाहुण्यांसमोर त्याचा पारा चढला. "किती येळा सांगतलं तुले! बहिरी झाली का वं?"

"हो," मी म्हटलं. "लेख लिवला होता. तुमी शंभर टक्के व्होट देला त्याले."

मालक पंख्याकडे बघायला लागले. व्यापाऱ्याला काही समजलं नाही, तो बिचारा पाणी पीत राहिला. नवऱ्यानं फोन काढला आणि स्वयंपाकघराच्या दारात उभ्याउभ्या वाचायला लागला. मी पिठलं टाकलं, भाकरी थापायला घेतली. मधूनमधून त्याच्याकडे बघत होते. तो खरंच वाचत होता. बोट हळूहळू वर सरकत होतं, मध्येच थांबत होतं, मागं जात होतं. शेवटच्या ओळीपर्यंत गेला. फोन खिशात ठेवला. डोळे लाल झाले होते. हसला नाही.

मग माझ्याजवळ आला, डाव्या खांद्यावर हात ठेवला, वाकला, आणि पाहुण्यांना ऐकू जाऊ नये म्हणून अगदी हळू, माझ्या डाव्या कानात काहीतरी बोलला. बराच वेळ बोलला.

मी तव्यावरची भाकरी उलटली.

"लिवून टाका," मी म्हटलं. "मी वाचीन."